पैलवान मिळाला, पण उभा कुठं करायचा?

सॅम बर्जेस रग्बी युनियनमध्ये 'फेल' गेला, हे वाक्य मी गेली दहा वर्षं वाचतोय. तिकडचे स्तंभलेखक लिहितात, यूट्यूबवाले बोलतात, आणि आता आपल्याकडं रग्बी बघायला लागलेली नवी पोरंही तेच घोकतायत. परवा एका मित्रानं तेच ऐकवलं. "अरे, नुसता दांडगा होता, डोकं नव्हतं." म्हणून हे लिहायला बसलोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन वाचा. रग्बीतलं काही कळत नसेल तरी वाचा, कारण विषय शेवटी आपल्या शाळेच्या मैदानावर येणार आहे.

आधी माणूस कोण ते बघू.

सॅम बर्जेस. जन्म १९८८, इंग्लंडच्या यॉर्कशरमधलं ड्यूजबरी. उंची जवळपास साडेसहा फूट, वजन ११५ किलोच्या आसपास. हा मूळचा रग्बी लीगचा खेळाडू. लीग आणि युनियन हे दोन वेगळे खेळ आहेत, हे पुढच्यासाठी लक्षात ठेवा. ब्रॅडफर्डकडून खेळला, मग २०१० ला ऑस्ट्रेलियात साउथ सिडनीकडं गेला. ५ ऑक्टोबर २०१४ ला तिथल्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. पहिल्याच टक्करीत याच्या गालाचं हाड मोडलं. गडी बाहेर गेला नाही, तसाच खेळला. साउथ सिडनीनं ३०-६ असा सामना जिंकला, ४३ वर्षांनी विजेतेपद मिळवलं, आणि सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं क्लाइव्ह चर्चिल पदक यालाच मिळालं.

असा माणूस बाजारात आला तर कोण सोडेल? इंग्लंडच्या बाथ क्लबनं त्याला युनियन खेळायला बोलावलं. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०१५ ला, युनियनचा विश्वचषक खुद्द इंग्लंडमध्ये होता. तिथून गोंधळ सुरू झाला.

बाथच्या प्रशिक्षकांनी, माइक फोर्ड यांनी, सुरुवातीला त्याला सेंटरला खेळवून बघितलं. काही आठवड्यांत त्यांनी ठरवलं की हा तिथला गडी नाही. त्यांनी त्याला ६ नंबरला आणलं. ६ नंबर म्हणजे ब्लाइंडसाइड फ्लँकर. हा फॉरवर्ड, म्हणजे आघाडीच्या आठ जणांतला. काम काय? गर्दीत बॉल घेऊन घुसायचं, समोरच्याला आडवा पाडायचं, पडलेल्या बॉलभोवती जी झोंबाझोंबी होते तिथं पहिल्यांदा पोचायचं. बाथ त्या मोसमात प्रीमियरशिपच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला.

आणि इंग्लंडचे प्रशिक्षक स्टुअर्ट लँकेस्टर यांनी काय केलं? त्याच माणसाला १२ नंबरवर विश्वचषकाच्या संघात घेतलं. १२ नंबर म्हणजे इनसाइड सेंटर. हा मागच्या फळीतला. फ्लायहाफच्या शेजारी उभा राहतो. पास द्यायचा का, लाथ मारायची का, घुसायचं का, हे त्यानं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर ठरवायचं. बचावात त्याचं एक पाऊल चुकलं की बाजूला दारासारखी फट पडते. लूथर बरेल नावाचा तयार सेंटर त्यासाठी घरी बसवला गेला.

क्लब म्हणतो ६, देश म्हणतो १२. पगार क्लब देतो, जर्सी देश देतो. आणि मधे उभा आहे तो माणूस, ज्यानं हा खेळ नीट एक वर्षही खेळलेला नाही.

कबड्डीतलं उदाहरण देतो, म्हणजे पटकन कळेल. समजा तुमच्या मंडळाकडं एक तगडा मध्यरक्षक आहे. चढाईपटू आत आला की छातीनं धडक देऊन त्याला रेषेबाहेर काढायचा, हे त्याचं काम, आणि ते तो झकास करतो. जिल्हा संघाच्या निवड समितीनं त्याला उचललं आणि म्हणाली, "हा फार जोरकस आहे, याला कोपऱ्यात लावा." आता कोपरारक्षकाचं काम म्हणजे घोट्याची पकड. तिथं जोरापेक्षा वेळ साधणं महत्त्वाचं. अर्धा सेकंद आधी बसलात तर गडी उडी मारून गेला, अर्धा सेकंद उशीर झाला तर गुण देऊन गेला. तो मध्यरक्षक तिथं चार सामने चुकणार. आणि लोक म्हणणार, पोरगं नुसतं दांडगं आहे, डोकं नाही.

बर्जेसचं नेमकं तेच झालं.

२६ सप्टेंबर २०१५. ट्विकेनहॅम. इंग्लंड विरुद्ध वेल्स. नेहमीचा १३ नंबर जोनाथन जोसेफ जखमी. १२ खेळणारा ब्रॅड बॅरिट तिथं सरकवला, १० नंबरवर जॉर्ज फोर्डऐवजी ओवेन फॅरेल आणला, आणि १२ वर बर्जेस. इंग्लंडकडून सुरुवातीपासून उतरायची त्याची ही दुसरीच वेळ. समोर वेल्सचा जेमी रॉबर्ट्स, जो वर्षानुवर्षं हीच जागा खेळत आलेला.

त्या दिवशी बर्जेस वाईट खेळला नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण लोकांनी निकाल लक्षात ठेवला आणि सामना विसरले. शेवटची दहाएक मिनिटं उरली असताना त्याला बाहेर काढलं, तेव्हा इंग्लंड पुढं होता. त्यानंतर वेल्सच्या गॅरेथ डेव्हिसनं ट्राय केला, डॅन बिगरनं लांबून पेनल्टी मारली, आणि इंग्लंड २५-२८ असा हरला. शेवटच्या मिनिटांत इंग्लंडला बरोबरी करून देणारी पेनल्टी मिळाली होती. कर्णधार ख्रिस रॉबशॉ यांनी ती गोलात न मारता विजयासाठी कोपऱ्यात मारायला लावली. लाइनआउट फसला. संपलं. आठवड्यानं ऑस्ट्रेलियानं ३३-१३ असं हरवलं आणि यजमान इंग्लंड गटातच गारद.

आता सांगा, यात बर्जेसचा दोष किती? पण लोकांना एक चेहरा लागतो. तो बाहेरून आलेला होता, लीगवाला होता, गाजावाजा करून आणलेला होता. सगळं खापर सोयीस्करपणे त्याच्या रुंद खांद्यावर फुटलं. नोव्हेंबर २०१५ ला तो बाथ सोडून परत साउथ सिडनीला गेला. इंग्लंडकडून एकूण पाच सामने. लोक म्हणाले, पळाला.

पळाला? परत जाऊन तो आपल्या जुन्या जागेवर खेळला. २०१७ च्या रग्बी लीग विश्वचषकात इंग्लंड अंतिम फेरीत गेला आणि ऑस्ट्रेलियाकडून अवघ्या ०-६ नं हरला, त्या संघात हा होता. दोन वर्षांपूर्वी डोकं नसलेला माणूस जागेवर आल्यावर एकदम डोकेबाज झाला का?

आता माझं म्हणणं सरळ मांडतो. बर्जेसची जागा ६ नंबरच होती, आणि तिथंही त्याला किमान दोन वर्षं द्यायला हवी होती. ज्यांना हे पटत नाही त्यांचे तीन युक्तिवाद असतात. तिन्ही घेतो.

पहिला युक्तिवाद: "लीगमध्ये पडलेल्या बॉलसाठी झोंबाझोंबीच नसते. तिथं खेळाडू पाडला की तो उठतो, पायानं बॉल मागं देतो, आणि खेळ पुढं चालू. सहा वेळा पाडलं की बॉल दुसऱ्याकडं. युनियनमध्ये मात्र पाडल्यावर रक होतो, खरी मारामारी तिथंच. लाइनआउटही लीगमध्ये नाही. मग लीगवाल्याला फॉरवर्डमध्ये शिकायला जास्त वेळ लागणार. त्यापेक्षा सेंटर सोपं."

हा युक्तिवाद खोटा नाही. पण अर्धा आहे. शिकायचं दोन्हीकडं आहे. प्रश्न असा की शिकताना चूक झाली तर तिची किंमत किती. फॉरवर्ड चुकला, रकमध्ये उशिरा पोचला, तर शेजारी आणखी सात जण आहेत, मीटर-दोन मीटर जातील, फार तर पेनल्टी जाईल. सेंटर चुकला तर समोर मोकळं रान आणि अंगावर ट्राय. नव्या ड्रायव्हरला तुम्ही पहिल्यांदा घाटात गाडी देता का? मोकळ्या मैदानात देता. इथं विश्वचषकाच्या घाटात गाडी दिली, तीही यजमान देशाची.

आणि फॉरवर्डचा फॉरवर्ड होऊ शकतो याचा धडधडीत पुरावा आहे, ब्रॅड थॉर्न. न्यूझीलंडमध्ये जन्मलेला, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन ब्रॉन्कोजकडून लीगमध्ये फॉरवर्ड खेळलेला. युनियनमध्ये आला तेव्हा लॉक झाला, म्हणजे फॉरवर्डच राहिला. २००१ ला त्याची ऑल ब्लॅक्समध्ये निवड झाली, तर त्यानं नकार दिला! पहिला कसोटी सामना खेळला २००३ ला. आणि २०११ चा विश्वचषक अंतिम सामना, वय ३६, लॉकच्या जागेवर, विजेता. घाई केली नाही, जात बदलली नाही, आणि पार वर गेला.

दुसरा युक्तिवाद: "मग सॉनी बिल विल्यम्स?" हा सगळ्यांचा हुकमी पत्ता. खरंय, सॉनी बिलही लीगमध्ये फॉरवर्डच होता आणि युनियनमध्ये १२ नंबरचा बादशहा झाला. पण तारखा बघा की. २००८ ला तो लीग सोडून फ्रान्सला तुलाँ क्लबकडं गेला. न्यूझीलंडकडून पहिला कसोटी सामना खेळला नोव्हेंबर २०१० ला. मधे दोन वर्षांपेक्षा जास्त काळ तो सेंटरचं काम शिकत होता. क्लबनं सेंटर, देशानंही सेंटर. जागेबद्दल भांडण नाही. बर्जेसला किती मिळाले? ऑक्टोबर २०१४ ला लीगचा शेवटचा सामना, ऑगस्ट २०१५ ला इंग्लंडची जर्सी. दहा महिने. त्यातले बरेच ६ नंबरवर गेले, आणि जर्सी मिळाली १२ ची!

शिवाय सॉनी बिलचं खरं हत्यार त्याचं वजन नव्हतं. दोन जणांनी मिठी मारलेली असताना एका हातानं बॉल सोडवून मागच्याला द्यायचा, हे त्याचं हत्यार. २०१५ च्या अंतिम सामन्यात तो उत्तरार्धात उतरला आणि लगेच तसाच बॉल दिला, मा नोनू पळत जाऊन ट्राय करून आला. निवडकर्त्यांनी हे कौशल्य ओळखलं आणि त्याला साजेशी जागा दिली. आपण फक्त दंड बघतो.

तिसरा युक्तिवाद: "जोना लोमू." हा तर सगळ्या जाहिरातींचा बाप. शाळेत फॉरवर्ड खेळणारा, १९६ सेंटिमीटर उंच, १२० किलोच्या आसपास वजनाचा पोरगा. विंगवर लावला आणि जगाला वेड लावलं. १९९५ च्या विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत केपटाउनला इंग्लंडविरुद्ध एकट्यानं चार ट्राय. ते बघून प्रत्येक देशाला वाटायला लागलं की दांडगा माणूस मोकळ्या जागेत सोडला की काम फत्ते.

पण लोमूची पहिली पायरी कुणी सांगत नाही. १९९४ ला १९ वर्षांचा असताना फ्रान्सविरुद्ध दोन कसोटी सामन्यांत त्याला विंगवर उतरवलं. दोन्ही सामने न्यूझीलंड हरला. फ्रेंचांनी त्याच्या मागं बॉल मारून मारून त्याची जागा चुकते हे उघड केलं. म्हणजे लोमूलासुद्धा जागा शिकावी लागली, आणि ती शिकायला त्याचं वय होतं. दुसरं म्हणजे लोमूकडं विंगवर लागते ती गोष्ट आधीपासून होती. पळणं. इतकं वजन घेऊन तो धावपटूसारखा पळायचा. त्याला विंगवर नेणाऱ्यांनी ताकदीच्या जोडीनं वेग बघितला होता. लोमूचं नाव घेऊन बाकीच्या दांडग्यांना भलतीकडं ढकलणं म्हणजे सचिन सोळाव्या वर्षी खेळला म्हणून प्रत्येक सोळा वर्षांच्या पोराला पाकिस्तानात पाठवण्यासारखं आहे.

तिन्ही युक्तिवाद झाले. आता ज्यांनी निर्णय घेतला त्यांच्याकडं वळू.

लँकेस्टर यांनी हे पहिल्यांदा केलं नव्हतं. जून २०१४ ला न्यूझीलंडमध्ये डनेडिनच्या कसोटीत त्यांनी मानू तुइलागी या जबरदस्त ताकदीच्या सेंटरला विंगवर उभं केलं होतं. तिथं तो मोकळा सुटला, पण बेन स्मिथनं मागून धावत येऊन त्याला पकडलं. इंग्लंड २७-२८ हरला. विंगला लागतो तो शेवटचा वेग त्याच्याकडं नव्हता, त्याची कमाल होती ती मधल्या गर्दीत. एक वर्ष आधी हा धडा मिळाला होता.

आणि सगळ्यात बोचणारी गोष्ट पुढंच आहे. त्या वेळी इंग्लंडच्या मागच्या फळीचे प्रशिक्षक होते अँडी फॅरेल. हे स्वतः लीगचे महान फॉरवर्ड. २००५ ला युनियनमध्ये आले. क्लबनं त्यांना फ्लँकर खेळवलं, देशानं सेंटर. जशीच्या तशी तीच गोष्ट! इंग्लंडकडून त्यांचा पहिला सामना फेब्रुवारी २००७ ला स्कॉटलंडविरुद्ध झाला, कलकत्ता चषकासाठी. (हा चषक आपल्याच चांदीच्या रुपयांचा बरं का. कलकत्त्याचा रग्बी क्लब १८७८ ला बंद पडला तेव्हा खात्यातले रुपये वितळवून तो घडवला.) सेंटर म्हणून खेळून फॅरेल यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द आठ सामन्यांत संपली. पुढं ते प्रशिक्षक म्हणून फार मोठे झाले, ती गोष्ट वेगळी. पण ज्या माणसाच्या अंगावरून हे वादळ गेलं होतं तो त्याच खोलीत बसलेला असताना आठ वर्षांनी दुसऱ्याच्या बाबतीत तेच घडलं.

जाता जाता, बाथचे प्रशिक्षक माइक फोर्ड हे जॉर्ज फोर्डचे वडील आणि अँडी फॅरेल हे ओवेनचे. दोन्ही पोरं एकाच १० नंबरच्या जागेसाठी स्पर्धेत. आपल्या चौकात यावर वर्षभर चर्चा रंगली असती. मी त्यात पडत नाही, कारण त्याला पुरावा नाही. आणि तसल्या गप्पांत खरा मुद्दा बुडतो.

खरा मुद्दा हा की जागा ठरवणाऱ्यांनी एकमेकांशी बसून ठरवलं नाही, आणि किंमत मोजली ती ज्याला विचारलंच जात नाही त्यानं.

यात थोडा इतिहासही आहे. रग्बी लीग जन्माला आली १८९५ ला, उत्तर इंग्लंडमध्ये. गिरण्यांत, खाणींत राबणारे लोक शनिवारी खेळायला जायचे तर त्यांची मजुरी बुडायची. क्लब म्हणाले, बुडालेली मजुरी भरून देऊ. दक्षिणेतले साहेब म्हणाले, पैसे घेऊन खेळणं शोभत नाही. भांडण विकोपाला गेलं आणि उत्तरेचे क्लब हडर्सफील्डला जमून वेगळे झाले. युनियननं पैशाला उघडपणे परवानगी दिली ती १९९५ ला. शंभर वर्षांनी! गिरणगाव माहीत असलेल्या मराठी माणसाला यातली मेख समजवायची गरज नाही. यॉर्कशरचा लीगवाला ट्विकेनहॅमला आला, तर जिंकला असता तेव्हा 'आमचा' झाला असता. हरल्यावर मात्र तो 'तिकडचा' राहिला.

कुणी म्हणेल, हे सगळं जर-तरचं आहे. ६ नंबरवर तो चमकला असता कशावरून? बरोबर. बर्जेसबद्दल हे सिद्ध करता येणार नाही. पण जागेनं माणूस कसा बदलतो, याचा दाखला त्याच संघात आहे.

तो पेनल्टीवाला कर्णधार आठवतो ना? ख्रिस रॉबशॉ. वर्षानुवर्षं ७ नंबरला खेळत होता. ७ नंबरचं मुख्य काम पडलेला बॉल चोरणं, आणि तिथं तो कमी पडतो अशी टीका कायमची. विश्वचषकानंतर लँकेस्टर गेले, एडी जोन्स आले. त्यांनी रॉबशॉचं कर्णधारपद काढलं, पण त्याला संघातून हाकललं नाही. ७ वरून ६ वर सरकवला, ७ ला जेम्स हॅस्केल. एका नंबरचा फरक. २०१६ ला इंग्लंडनं २००३ नंतरचा पहिला ग्रँड स्लॅम जिंकला, मग ऑस्ट्रेलियात जाऊन ३-० अशी मालिका मारली. तोच रॉबशॉ, तेवढीच ताकद. त्याला जे येतं, म्हणजे न थकता पाडत राहणं आणि घुसत राहणं, ते जिथं लागतं तिथं नेऊन ठेवला. जोन्स यांच्या बाकी गोष्टींवर लोक हजार बोटं दाखवतील, पण हा निर्णय शंभर नंबरी.

वेल्सकडंही बघा. त्या २५-२८ च्या सामन्यात वेल्सचे मागच्या फळीतले खेळाडू एकामागून एक जखमी होऊन बाहेर गेले. लॉइड विल्यम्स हा स्क्रमहाफ नाइलाजानं विंगवर आला. निर्णायक ट्राय त्याच्याच पायातून आला. विंगवर बॉल मिळाल्यावर त्यानं विंगरसारखं पळत सुटायचा हट्ट केला नाही. स्क्रमहाफला जी सवय असते त्याप्रमाणं पायानं बॉल आत टाकला, आणि तिथं गॅरेथ डेव्हिस हजर होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की आता तू वेगळा माणूस हो. बर्जेसकडून मात्र तीच अपेक्षा होती.

आता आपल्या मैदानावर येऊ.

आपल्याकडं रग्बी म्हणजे श्रीमंतांच्या जिमखान्याचा खेळ, असं समजायचे दिवस गेले. २०२५ ला मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली. शालेय स्पर्धांत रग्बी आहे. आमच्या भागातल्या शाळांतली पोरं-पोरीही खेळतात, बहुतेक सात जणांचं रग्बी. सात-सात मिनिटांचे दोन भाग, तीन फॉरवर्ड, चार बॅक. त्यात लपायला जागा नाही, सगळ्यांना सगळं करावं लागतं. तरीही आमच्याकडं पोरांची वाटणी कशी होते? अंगावर बघून. जाड दिसला की पुढं, सुकडा दिसला की विंगवर.

मागं एका शालेय स्पर्धेची बातमी करायला गेलो होतो. एका संघात नववीतली एक पोरगी होती. हाडापेरानं मोठी, पण बॉल हातात आला की आधी मान वर करून बघायची आणि मग सुरेख पास द्यायची. सामना संपल्यावर मी तिच्या सरांना विचारलं, "सर, हिला कायम पुढंच का लावता?"

"अंगानं भरलीय ना साहेब. मागं ठेवून काय करू?"

"पास फार चांगला देते की."

"पास देणाऱ्या चार आहेत आपल्याकडं. ढकलणारी ही एकच आहे."

सरांचं उत्तर मूर्खपणाचं नव्हतं. त्यांना त्या दिवशीचा सामना काढायचा होता, आणि संघात ढकलणारी खरंच एकच होती. लँकेस्टर यांचंही तसंच होतं, त्यांना विश्वचषक काढायचा होता. जागा अशीच ठरते, संघाला आज काय कमी आहे त्यावरून. त्या पोरीला काय येतं हा प्रश्न रांगेत शेवटी. पुढच्या वर्षी ती पोरगी संघात दिसली नाही. घरचं कारण असेल, दहावीचं असेल. पण तिला मधे खेळवून कुणीच बघितलं नाही, एवढं मला माहीत आहे.

हे फक्त हौसेचं नाही, म्हणून बोलतोय. आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. गावाकडच्या पोरासाठी जिल्हा संघातली जागा म्हणजे पुढच्या आयुष्याची पायरी असते. ती पायरी त्याच्या छातीचं माप बघून कुणीतरी पाच मिनिटांत ठरवतं, आणि चुकलं तर शिक्का पोरावर बसतो. 'दांडगा आहे, पण डोकं नाही.' हा शिक्का मारणाऱ्याची कधी चौकशी होत नाही.

म्हणून प्रशिक्षकांना, क्रीडाशिक्षकांना आणि निवड समितीत बसणाऱ्या सगळ्या सन्माननीय मंडळींना हात जोडून सांगणं आहे. दांडगा गडी मिळाला की लगेच जागा ठरवू नका. तो बॉल नसताना काय करतो ते बघा, कारण जागा तिथं कळते. दमल्यावर काय करतो ते बघा, कारण दमलेला माणूस आपल्या मूळ सवयीवर येतो. एका मोसमात दोन-तीन जागांवर खेळवा, आणि हरलात तरी चालेल अशा सामन्यात खेळवा. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या सरांनी एकमेकांना फोन करा, तो एक वेगळी आणि तुम्ही वेगळी जागा देऊ नका. त्या पोराला विचारा की बाबा, तुला कुठं बरं वाटतं. तो सांगेल ते मानलंच पाहिजे असं नाही, पण विचारा. आणि एकदा जागा दिली की वेळ द्या. थॉर्ननं स्वतःहून वेळ मागून घेतला, कारण तो तोवर मोठा खेळाडू झाला होता. नववीतलं पोर मागू शकत नाही, तो तुम्हीच द्यायचा असतो.

आणि माझ्या त्या मित्राला, आणि बर्जेसला 'फेल' म्हणणाऱ्या सगळ्यांना एवढंच विचारतो. गालाचं हाड मोडून अख्खा सामना खेळणारा आणि त्यात सर्वोत्तम ठरणारा माणूस दहा महिन्यांत 'बिनडोक' कसा झाला? उत्तर सापडलं तर जरूर कळवा. मला तरी २०१५ च्या निवड समितीच्या खोलीपलीकडं ते सापडत नाही.